जुन्या कॉम्प्युटरला यूएसबी वायफाय लावलं, पण नेट सारखं जातंय: आमच्याकडे नेमकं काय निघालं

माझी मावशी नारायण पेठेत राहते आणि गेली कित्येक वर्षं घरूनच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवायचं काम करते. तिचा कॉम्प्युटर २०११ सालचा, विंडोज ७ ची ६४ बिट, ४ जीबी रॅम. तो बदल असं तिला सांगण्यात अर्थ नाही, कारण तिच्या सगळ्या जुन्या फायली पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, त्याही युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, त्या फॉन्टचं यूएसबीचं लॉक (हे लावल्याशिवाय फॉन्ट चालतच नाही) याच मशिनला चालतं आणि तीच फाईल दुसरीकडे उघडली की जोडाक्षरांचा पार चुरा होतो. एखाद्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली की हाच डबा लागतो. त्यामुळे तो नीट चालणं ही आमच्या घरात गंभीर गोष्ट आहे.

नेट आधी त्याला नव्हतंच. वाडा जुना, मधल्या भिंती दीड-दोन फुटांच्या, फायबरची वायर गॅलरीतून पुढच्या खोलीत येते, राऊटर तिथेच, कॉम्प्युटर मधल्या खोलीत. भिंतीला भोक पाडायला मालक तयार नाहीत आणि दारातून केबल टाकली तर चौकट ओलांडताना कोणीतरी पडणार. मावशी प्रूफं पेनड्राईव्हवर घ्यायची, मग फोनला लावून पाठवायची. म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी तपकीर गल्लीतून साधा १५० एमबीपीएसवाला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय, आणून लावून दिला. त्या दिवशी सगळं छान चाललं आणि पुढच्या आठवड्यापासून फोन सुरू झाले, "अरे नेट गेलं बघ परत".

दोन महिने हे चाललं. मी जायचो, काहीतरी करायचो, चालू व्हायचं, पुन्हा जायचं. शेवटी कळलं की एका तक्रारीच्या आड तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्या होत्या, आणि तिसरीचा तर डोंगलशी काही संबंधच नव्हता. ज्यांच्या घरी असा जुना कॉम्प्युटर आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पहिल्या दिवशीची गोष्ट आधी सांगतो कारण तिथेच बरेच जण अडकतात. डोंगल लावला की कॉम्प्युटर वायफाय दाखवायच्या ऐवजी सीडी ड्राईव्ह दाखवतो, आत सेटअपची फाईल असते. डोंगल बिघडलेला नसतो. बऱ्याच डोंगलमध्ये ड्रायव्हर आतच ठेवलेला असतो, त्यामुळे लावल्यावर तो आधी सीडी म्हणून समोर येतो, ड्रायव्हर बसला की मग वायफाय कार्ड होतो. सेटअप चालवून झाला आणि तरीही सीडीच दिसत असेल तर माय कॉम्प्युटरमध्ये त्या सीडीवर राईट क्लिक करून इजेक्ट करा, काही सेकंदांत वायफाय येतं.

सेटअप होऊनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली सगळ्या जोडलेल्या वस्तूंची यादी) पिवळा त्रिकोण आला तर त्यावर डबल क्लिक करून कोड नंबर बघा. तो नंबर बघितल्याशिवाय पुढे काहीही करू नका, तिथे उत्तर अर्धं लिहिलेलं असतं. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. ४३ म्हणजे डिव्हाइसने गडबड सांगितली म्हणून विंडोजने ते बंद केलं, मग दुसरा पोर्ट आणि दुसरा कॉम्प्युटर यावर लावून बघायचं. आणि विंडोज ७ च्या ६४ बिटवाल्यांनी ५२ लक्षात ठेवा, त्याचा अर्थ ड्रायव्हरची डिजिटल सही ओळखता येत नाही. नवीन ड्रायव्हर एसएचए-२ या नव्या पद्धतीने सही केलेले असतात आणि न अपडेट केलेल्या विंडोज ७ ला ती सही कळत नाही. त्यासाठी २०१९ साली दोन अपडेट आले, केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, याच क्रमाने टाकायचे आणि रिस्टार्ट करायचं. मावशीच्या मशिनला नेटच नव्हतं म्हणून अपडेटही नव्हते, त्यामुळे हे लागलंच.

आता नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर अपडेट आणायचे कसे? एक सोपी युक्ती आहे जी फार कमी लोक वापरतात. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला लावा आणि फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमधे यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वायफाय केबलमधून कॉम्प्युटरला देतात, म्हणजे फोनच डोंगल होतो, डेटा पॅकही खर्च होत नाही. खरं तर कधीमधी मेल पाठवण्यापुरतं नेट हवं असेल तर डोंगल घ्यायचीही गरज नाही असं माझं मत आहे.

तर ड्रायव्हर बसला, राऊटरचं नाव दिसलं, पासवर्ड टाकला, चालू झालं. नाव दिसतच नसेल तर डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारा आणि राऊटरवर तुम्ही ज्या नावाने जोडताय ते ५ गिगाहर्ट्झचं, हे सगळ्यात सामान्य कारण. दुसरं, राऊटरने आपोआप १२ किंवा १३ नंबरचा चॅनल निवडलेला असतो आणि अमेरिकेच्या हिशोबाने सेट केलेला डोंगल ११ च्या पुढे बघतच नाही. राऊटरमध्ये १, ६ किंवा ११ पैकी एक चॅनल पक्का करून टाका. राऊटरमध्ये वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा, कारण विंडोज ७ ला डब्ल्यूपीए३ कळत नाही, आणि एईएसऐवजी टीकेआयपी ही जुनी पद्धत ठेवलीत तर स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जाणारच नाही.

हे सगळं जुळलं तरी पहिली खरी तक्रार उरली. मावशी म्हणायची, "मी काम करत बसले, तासाभराने मेल करायला गेले की नेट नाही, डोंगल काढून लावला की येतं." हे वाक्य नीट ऐकलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते, कारण यात "काम करत बसले" हा भाग महत्त्वाचा आहे. ती पेजमेकरमध्ये असायची तेव्हा नेटला कोणी हातच लावत नव्हतं आणि विंडोज वीज वाचवायला डोंगलची वीज तोडत होतं. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी ठीक आहे, भिंतीला लावलेल्या डब्याला त्याचं काय काम?

हे बंद करायचं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली डोंगल शोधा, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. तेवढ्यावर थांबू नका. खाली यूएसबी रूट हब नावाच्या चार-सहा ओळी असतात, प्रत्येकात तीच टिक आहे, सगळ्या काढा. मग कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडून यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा आणि वायरलेस अडॅप्टर मॅक्झिमम परफॉर्मन्सवर ठेवा.

मी हे केलं आणि सहा दिवस एकही फोन आला नाही. सातव्या दिवशी पुन्हा तेच. जाऊन बघतो तर टिक परत आलेली! कोणी केली म्हणून विचारलं तर कोणीच नाही. मग लक्षात आलं की मावशीने आदल्या दिवशी टेबल पुसताना मागच्या सगळ्या वायरी काढल्या होत्या आणि फॉन्टचं लॉक आणि डोंगल यांची जागा बदलून लागली होती, दोन्ही दिसायला सारखेच, अंगठ्याच्या पेराएवढे काळे. आणि बऱ्याच स्वस्त डोंगलना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे पोर्ट बदलला की विंडोजला तो वेगळाच डोंगल वाटतो आणि सगळं पहिल्यापासून, टिकेसकट. कनेक्शनच्या नावापुढे २, ३ असे आकडे वाढत जातात ना, ते यामुळेच. तुमची सेटिंग "आपोआप" बदलत असेल तर आधी पोर्ट बघा. मी मावशीच्या नेलपेंटने त्या एका पोर्टवर आणि डोंगलवर लाल ठिपका दिला, तिथेच लावायचा. त्यानंतर टिक परत आलेली नाही.

दुसरी तक्रार रेंजची. दुपारी नेट चालायचं पण रात्री आठनंतर रखडायचं, दोन काड्या दिसायच्या, मधेच तुटायचं. पेठेत घरं एकमेकांना चिकटून, मावशीच्या टेबलाशी बसून मोजली तर शेजारपाजारची बावीस नावं दिसत होती आणि रात्री सगळेच घरी. चॅनल आम्ही १ वर पक्का केला त्याने थोडा फरक पडला. पण खरा फरक पडला तो जागेने. डोंगल कुठे होता बघा: सीपीयूच्या मागे, टेबलाखाली, एका बाजूला पत्र्याचा डबा, दुसऱ्या बाजूला दोन फुटांची भिंत, मध्ये चार बोटांची फट आणि वायरींचा गुंता. त्या फटीत एवढासा अँटेना काय करणार? पुढच्या पोर्टला लावून बघितला तर रेंज वाढली पण डोंगल अधूनमधून गायब व्हायचा, कारण पुढचे पोर्ट मदरबोर्डला आतून एका बारीक वायरीने जोडलेले असतात आणि पंधरा वर्षांच्या डब्यात ती वायर आणि तो सॉकेट दोन्ही सैल झालेले.

उपाय अगदी स्वस्त निघाला, दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल. मागच्या पक्क्या पोर्टला लावली, वर आणून पुस्तकांच्या फळीच्या कडेला चिकटपट्टीने बसवली, दाराच्या उघड्या चौकटीच्या रेषेत. दोनाच्या चार काड्या झाल्या. स्पीड टेस्टला आधी ६-७ एमबीपीएस यायचे ते ३५ च्या आसपास यायला लागले, आणि १५० वाल्या डोंगलला प्रत्यक्षात एवढे मिळाले म्हणजे पुष्कळ झालं, खोक्यावरचा आकडा हा हवेतला कमाल आकडा असतो. केबल घेताना जाडसर घ्या आणि तीन मीटरच्या भानगडीत पडू नका, लांब बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि डोंगल पुन्हा आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर एवढंच देणं बंधनकारक आहे, त्यामुळे एकाच साध्या हबवर डोंगल, पेनड्राईव्ह आणि हार्डडिस्क लटकवू नका.

ज्यांच्याकडे थोडा नवा कॉम्प्युटर आहे त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. निळ्या यूएसबी ३ पोर्टला हार्डडिस्क लावून कॉपी करायला घेतली की शेजारच्या पोर्टमधलं वायफाय मरतं, असं होत असेल तर तो भास नाही. यूएसबी ३ चा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतो, यावर इंटेलने २०१२ मध्ये सविस्तर माहिती छापली होती. तिथेही उपाय हाच, डोंगल केबलवर लांब न्या किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरा.

एवढं झाल्यावर मला वाटलं संपलं. आणि तरीही दर आठवड्याला एक फोन येतच राहिला. रोज नाही, आठवड्यातून एकदा. मावशी सांगायची, "डोंगल तिथेच आहे, लाल ठिपक्याला, काड्या चार आहेत, पण काही उघडत नाही." आणि मी जाईपर्यंत शुक्रवार उजाडायचा आणि सगळं चालू असायचं. ती राऊटर बंद-चालू करायची, डोंगल काढून लावायची, रात्री मशिन बंद करून झोपायची, सकाळी नेट हजर, त्यामुळे तिला वाटायचं काढून लावल्यानेच येतं. मीही फोनवर तेच सांगत होतो. यात डोंगल बदलून दुसरा आणला, पैसे गेले ते वेगळेच.

मग एकदा तिला म्हटलं, पुढच्या वेळी गेलं की कशालाही हात लावू नकोस, मी येतो. फोन आला गुरुवारी संध्याकाळी. गेलो. ब्राउझरवर इंग्रजीत कनेक्शन सुरक्षित नाही अशा अर्थाचं काहीतरी लिहून येत होतं, आणि "कनेक्शन" हा शब्द वाचला की मावशी राऊटरकडे धावायची, साहजिकच आहे. मी ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकला, राऊटरचं लॉगिन पान झटकन उघडलं. म्हणजे डोंगल ते राऊटर रस्ता साफ. मावशीच्या फोनवर त्याच वायफायवर सगळं चालत होतं, म्हणजे राऊटर ते बाहेर रस्ताही साफ. मग उरलं काय?

तिने तेवढ्यात सहज म्हटलं, "अरे, आणि आज दुपारी सेव्ह केलेलं प्रूफ पण कुठे सापडेना, फोल्डरच्या तळाशी जाऊन बसलंय." फोल्डर तारखेप्रमाणे लावलेला होता, सगळ्यात नवी फाईल वर. आणि आज दुपारची फाईल सगळ्यात खाली, तारीख १ जानेवारी २०११.

कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं, तिथेही तेच. कॉम्प्युटर २०११ सालात होता! आणि आज बहुतेक सगळ्या साईट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर चालतात, प्रत्येक साईटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. कॉम्प्युटरला वाटतंय २०११ चालू आहे, त्याच्या लेखी आजचं प्रत्येक सर्टिफिकेट भविष्यातलं, म्हणून तो सगळ्या साईट नाकारतो. राऊटरचं पान साध्या एचटीटीपीवर असल्याने ते उघडतं. वायफायच्या काड्या चारच्या चार.

मग गुरुवारच का? आमच्या पेठेत दुरुस्तीच्या कामाला लाईट जाते ती गुरुवारी. मदरबोर्डवर एक गोल बटणसेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, वीज नसताना तारीख-वेळ तो सांभाळतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत कॉम्प्युटर बंद असला तरी आत थोडी वीज असते, घड्याळ त्यावर चालतं, त्यामुळे सेल मेलेला असला तरी सहा दिवस कळत नाही. गुरुवारी लाईट गेली की घड्याळ शून्यावर. मी मावशीला विचारलं, मशिन सुरू होताना कधी काळ्या स्क्रीनवर काही येतं का? "येतं ना, लाईट जाऊन आली की एफ१ दाबायला सांगतो, मी दाबते. वर्षभर येतंय." वर्षभर! तेव्हा नेट नव्हतं म्हणून कोणाला जाणवलं नाही.

आणि शुक्रवारी आपोआप कसं चालू व्हायचं? ते काकांनी सांगितलं, अगदी शांतपणे, चहा पिता पिता. "सकाळी मी बसतो ना थोडा वेळ, तारीख चुकलेली दिसली की नीट करतो. फायलीवर खोटी तारीख नको." दर शुक्रवारी सकाळी काका नेट दुरुस्त करत होते आणि घरात कोणालाच, त्यांनाही, ते माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं की. घेतं, पण घरगुती विंडोज ७ मध्ये फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर ते जुळवायला नकार देतं, पंधरा वर्षांचा फरक तर विसराच. हाताने तारीख आणि साल बरोबर करावं लागतं, टाईम झोन साडेपाच तास पुढेच आहे ना तेही बघायचं.

सेल बदलणं अवघड नाही. मशिन शट डाऊन, भिंतीवरून पिन काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आतली उरलेली वीज जाते, बाजूचा पत्रा उघडा, आधी पत्र्याला हात लावा मग बोर्डाला. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते, ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने बाहेर ढकलली की सेल उचलतो, नवीन बसवताना अधिकची खूण वर. मावशीच्या मशिनमधला सेल मल्टिमीटरवर १.९ दाखवत होता, चांगला सेल ३ च्या आसपास दाखवतो. नवा चाळीस रुपयांना मिळाला. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मशिनची मूळ सेटिंग) जाऊन तारीख-वेळ टाकायची आणि सेव्ह करून बाहेर.

एक सावधगिरी मात्र घ्या. सेल काढल्यावर बायोसची सगळी सेटिंग मूळ पदावर जातात आणि काही बोर्डांवर हार्डडिस्कचं साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई की एएचसीआय हे बदलतं, तसं झालं तर विंडोज ७ निळा स्क्रीन देऊन सुरूच होत नाही. म्हणून सेल काढायच्या आधी बायोसमध्ये जाऊन त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा आणि नंतर तेच सेट करा. आमचं मशिन दर गुरुवारी मूळ सेटिंगला जाऊनही सुरू होत होतं, म्हणून मला ती भीती नव्हती, तरी फोटो काढलाच.

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर सर्वसाधारण अपडेट नाहीत हेही सांगायला हवं. आम्ही त्यावर फायरफॉक्स ब्राउझरची ११५ ही आवृत्ती टाकली, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची, आणि मावशीला अगदी हात जोडून सांगितलंय की या मशिनवरून फक्त प्रूफं पाठवायची आणि मेल बघायचा, बँकेचं काही असेल ते फोनवर. पेजमेकरच्या फायलींचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर, आणि ती डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. तीस वर्षांची पुस्तकं आहेत त्यात.

तेव्हा तुमच्याकडे नेट "जात" असेल तर पुढच्या वेळी काहीही काढून लावायच्या आधी घड्याळातलं साल बघा, मग राऊटरचं पान उघडतंय का बघा. पान उघडलं नाही तरच डोंगलकडे वळा. काड्या आहेत पण पान उघडत नाही आणि कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होतोय, तर राऊटरने पत्ताच दिलेला नाही, तेव्हा ते कनेक्शन फर्गेट करून पासवर्ड पुन्हा टाका. डोंगलच गायब असेल तर पोर्ट, केबल, आणि ती वीज वाचवणारी टिक.

सेल बदलल्याला आता चार गुरुवार झाले. पहिल्या गुरुवारी लाईट आल्यावर मावशीने मला फोन केला, मी घाबरतच उचलला, तर म्हणाली, "एफ१ मागितला नाही रे आज त्याने." कॅबिनेटच्या बाजूला काकांनी कागद चिकटवलाय, सेल बदलल्याची तारीख आणि खाली लाल ठिपक्याचा पोर्ट कुठला ते, त्यांच्या बारीक अक्षरात.